उदासीचा स्टोअरकीपर

मोऱ्याच्या धक्क्यावर उदास होण्याची सोय राहिलेली नाही. संध्याकाळच्या वेळी कुणी घारापुरीच्या डोंगराकडे दोन मिनिटं टक लावून बघत बसला, की मागून खांद्यावर हात पडतो आणि प्रश्न येतो, "डी-थ्री कधी केलं होतं शेवटचं?" मी नुसता समुद्र बघत होतो, ही सबब चालत नाही. "ज्याचं डी-थ्री तीसच्या वर आहे तो समुद्र बघत नाही, लाँच आली का ते बघतो," हे उत्तर तयार असतं.

हे गृहस्थ आमच्याकडे व्हिटॅमिनकाका म्हणून ओळखले जातात. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, आजूबाजूला गोदामं उभी राहिली, त्यांतल्या एका गोदामात काकांनी स्टोअरकीपर म्हणून उभी हयात काढली. नट-बोल्टपासून ग्रीसच्या डब्यापर्यंत प्रत्येक वस्तूचं बिन कार्ड, प्रत्येक मालाची री-ऑर्डर लेव्हल, आणि सहीशिवाय साधा वॉशरसुद्धा कुणाला द्यायचा नाही हा बाणा. निवृत्तीनंतर गोदाम सुटलं, हिशेब सुटला नाही. आता माणसाचं शरीर हेच त्यांचं स्टोअर. माणूस हसतोय म्हणजे स्टॉक पुरेसा आहे. गप्प आहे म्हणजे एखादा आयटम संपत आलाय. रडतोय म्हणजे माल री-ऑर्डर लेव्हलच्या खाली गेला आणि इंडेंट टाकायला कुणीतरी विसरलं. सासूचा जाच, बँकेचं कर्ज, मुलीचं न जमणारं लग्न, ही कारणं त्यांना मान्य नाहीत. "कारणं शेऱ्याच्या रकान्यात," ते म्हणतात, "आधी आयटम सांगा."

काखेत रेक्झिनची पिशवी. तिच्यात डी-थ्रीची पाकिटं, मासळीच्या तेलाच्या पिवळ्याधमक कॅप्सूल, मॅग्नेशियम, झिंक, बी-कॉम्प्लेक्स, आणि सोमवार ते रविवार अशा सात कप्प्यांचा त्यांचा स्वतःचा डबा. काका हा माल विकत नाहीत, ही सगळ्यात मोठी अडचण. विकत असते तर पैसे नाहीत म्हणून सुटता आलं असतं. ते माल इश्यू करतात. पिशवीतून लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर निघतं, त्यात तारीख, नाव, तक्रार, इश्यू केलेला माल, नग आणि सही असे हाताने आखलेले रकाने. एकदा लाँचमध्ये ते उघडं राहिलं, तेव्हा वाचायला मिळालं. तक्रार: माहेर आठवतं. इश्यू: मॅग्नेशियम, १० नग. तक्रार: बारावीला दुसऱ्यांदा नापास. इश्यू: झिंक, १५ नग. तक्रार: नवरा घरात बोलत नाही. इश्यू: ओमेगा-थ्री, ३० नग, कंसात 'नवऱ्यासाठी', आणि सही बायकोची. अर्ध्या मोऱ्याचं मन त्या रजिस्टरात नोंदलेलं आहे. नाव नाही ते फक्त काकांचं.

काकांचा दवाखाना म्हणजे मोरा ते भाऊचा धक्का ही लाँच. १२ जानेवारी २०२४ला उरणची लोकल सुरू झाली, त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं, आणि मुंबईला जायला लाँचवाचून अडायचं कारण उरलं नाही. काका मात्र लाँचच धरतात. लोकलमध्ये समोरचा पुढच्या स्टेशनला उतरून जाऊ शकतो. लाँच निघाली की तासभर कुणी कुठे जात नाही. त्यात मोऱ्याला गाळ. मोठी ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नाही, माणसं ताटकळत बसतात, आणि काका रजिस्टर उघडतात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक खलाशांच्या खालोखाल त्यांनाच पाठ आहे.

काकांचे गुरू मात्र उरण तालुक्याच्या बाहेरचे. पहिला लायनस पाउलिंग. या माणसाला दोन नोबेल मिळाली, १९५४चं रसायनशास्त्राचं आणि १९६२चं शांततेचं, हे काका अशा आवाजात सांगतात, की दोन्ही जीवनसत्त्वांसाठीच मिळाली असं वाटावं. १९६८ साली पाउलिंगने 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून मांडलं, की मेंदूत योग्य द्रव्यं योग्य प्रमाणात असली तर मनाचे आजारही बरे होतील. त्याच्याआधी कॅनडातले दोन मनोविकारतज्ज्ञ, एब्रम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना नायसिन, म्हणजे बी-थ्री, भरमसाट प्रमाणात देत होते. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या सगळ्याची छाननी केली आणि दाव्यांना आधार सापडत नाही असा अहवाल दिला. तो अहवाल काकांच्या वाचनात आला. "ऑडिट पार्टी," एवढंच ते म्हणाले. ऑडिट पार्टीने हरकत घेतली म्हणून स्टोअर बंद पडल्याचं त्यांनी नोकरीत कधी पाहिलेलं नव्हतं.

तेच नायसिन त्यांनी ऑनलाइन मागवलं आणि माल आधी स्वतः तपासायचा या नियमाप्रमाणे, एका सकाळी, उपाशी पोटी, लाँच सुटता सुटता घेतलं. लाँच खाडीच्या मध्यावर आली आणि काकांचे कान लाल झाले. मग गाल, मग मान, मग शर्टाच्या उघड्या बटणांतून दिसेल तेवढी छाती. काका खाजवायला लागले. नायसिनचा डोस मोठा असेल तर कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात आणि अंगाची आग आग होते, हा त्याचा ठरलेला गुण. पण लाँचमध्ये हे कुणाला ठाऊक? कुणी म्हणालं मसाला बाधला, कुणी म्हणालं बीपी चढलं, एकाने खलाशाला लाँच मागे फिरवायला सांगितलं. लाँचमधली एक कोळीणमावशी तेवढी शांत. तिने आपल्या पाटीवरचा प्लॅस्टिकचा कागद बाजूला केला, मासळीवरचा ओंजळभर बर्फ उचलला आणि काकांच्या मानेवर थापला. भाऊच्या धक्क्याला काका उतरले तेव्हा लाली ओसरली होती आणि सदऱ्याला मांदेलीचा वास येत होता. "बघितलंत?" काका म्हणाले. "घेण्याआधी जो मूड होता, तो आता आहे का?"

काकांना नुसतं हसून सोडता येत नाही, कारण त्यांच्या वेडाच्या बुडाशी थोडं खरं आहे. नायसिनच्याच अभावाने पेलाग्रा होतो. कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते आणि डोकं बिघडतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडची वेड्यांची इस्पितळं या रोग्यांनी भरली होती, आणि ती माणसं बरी व्हायला पोटभर सकस अन्न पुरेसं होतं. आपल्या दख्खनात मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्येही पेलाग्रा होता, हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसीनशी जोडला. म्हणजे माल खरोखर संपला तर मशीन बिघडतं, आणि माल भरला की चालतं. काकांची चूक एवढीच, की एका गोदामातली ही गोष्ट त्यांनी साऱ्या दुनियेच्या गोदामांना लावली.

त्यात एकदा त्यांचा नेम बसला. एक निवृत्त हेडमास्तर, शुद्ध शाकाहारी, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे. पायांना मुंग्या, विसरभोळेपणा, कशात रस नाही. काकांनी नेहमीप्रमाणे बी-ट्वेल्व्ह करायला पाठवलं. बी-ट्वेल्व्ह मिळतं मांस, मासळी, अंडी आणि दुधातून. शाकाहाऱ्याला ते आधीच बेताचं, आणि मेटफॉर्मिनने ते आणखी कमी होऊ शकतं. मास्तरांचं खरोखरच तळाला गेलं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, काही महिन्यांत मास्तर पुन्हा पोरांचं शुद्धलेखन काढायला लागले. तेव्हापासून मास्तर हे काकांचे कायमचे साक्षीदार. कुणीही शंका काढली, की काका मास्तरांना हाक मारतात, मास्तर बिचारे उभे राहतात, पाय हलवून दाखवतात आणि बसतात. मास्तरांनंतर ज्यांचं बी-ट्वेल्व्ह चांगलं निघालं, त्यांनाही काकांनी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्याच. "स्टॉक असला म्हणून काय झालं, बफर नको?" ते बफर सकाळी पिवळंजर्द होऊन बाहेर पडतं. बी-कॉम्प्लेक्समधलं रायबोफ्लेव्हिन शरीर साठवून ठेवत नाही, नको असलेलं टाकून देतं. काका त्या रंगाला औषध लागू पडल्याचा पुरावा मानतात. इश्यू केलेला माल गेटपासशिवाय मागल्या दाराने बाहेर जातोय, हे तीस वर्षं गेट सांभाळलेल्या माणसाला दिसू नये, ही गंमत.

मोऱ्याला मासळीचं तेल इश्यू करणं हा काकांचा सगळ्यात धाडसी उद्योग. त्यांनी मावशीपुढे कॅप्सूलची पट्टी धरली. मावशीची पाटी पायाशी, पाटीत बांगडे आणि तारल्या, म्हणजे ज्या जातीच्या तेलकट मासळीत ओमेगा-थ्री भरपूर असतं तीच. मावशीने कॅप्सूल उजेडात धरून पाहिली.

"दादूस, ह्या मासलीचं त्याल मना कशाला रं? अख्खी मासली माझ्या पाटीत हाय."

"मावशी, मन प्रसन्न राहतं याने."

मावशीने पट्टी परत केली. "मासली खाऊन मन राजी ऱ्हात असतं, तं आमच्या कोलीवाड्यान कोन रडलाच नसता."

या एका वाक्याला पोचायला शास्त्रज्ञांना १८,३५३ माणसं आणि सरासरी पाच वर्षं लागली. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या एवढ्या माणसांना रोज डी-थ्रीचे २,००० युनिट, ओमेगा-थ्री किंवा दिसायला तशीच पोकळ गोळी देऊन पाहिली. डी-थ्रीचा निकाल २०२० साली आला, ओमेगा-थ्रीचा २०२१ साली. नैराश्य टाळायला दोन्हींचा उपयोग झाला नाही. त्याच्याआधी २०१९ साली युरोपात हजारावर वजनदार माणसांवर अनेक पोषकद्रव्यांची एकत्र गोळी तपासली गेली, तिथेही निरंक. नैराश्य आलेलंच असेल, तर ईपीए हा ओमेगा-थ्रीचा प्रकार जास्त असलेलं तेल डॉक्टरांच्या औषधाला जोड म्हणून काहींना थोडंफार उपयोगी पडतं, असं काही अभ्यास सांगतात. पण त्याला दिवसाला ग्रॅमभर ईपीए लागतं. बाजारातल्या नेहमीच्या कॅप्सूलवर पुढे ठळक लिहिलेलं असतं १००० मिलिग्रॅम, आणि मागे बारीक अक्षरात ईपीए १८०. जन्मभर चलनाशी माल ताडून घेतलेल्या काकांना हे दाखवलं तेव्हा ते जेवढे खवळले, तेवढे अमेरिकेच्या निकालाने खवळले नव्हते. "शॉर्ट सप्लाय!" ते ओरडले. त्याच डबीवर, नियमाप्रमाणे, 'औषधी वापरासाठी नाही' असंही इंग्रजीत छापलेलं असतं. ते त्यांनी वाचलं होतं. तो शेरा ऑडिट पार्टीसाठी असतो, असं त्यांचं मत.

त्यांची आवडती गोष्ट डुकरांची. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात एका बापाची दोन मुलं मनोविकाराने आजारी. त्याला एक पशुखाद्याच्या धंद्यातला माणूस भेटला. तो म्हणाला, आमची डुकरं चिडून एकमेकांचे कान-शेपट्या चावतात, तेव्हा आम्ही खाद्यातले क्षार वाढवतो आणि ती शांत होतात. दोघांनी मिळून ३६ घटकांचं मिश्रण काढलं, ते विकलं, सरकारशी कोर्टात भांडले. "डुक्कर शांत होतं, तर माणूस का नाही?" काका विचारतात. यावर लाँचमधला एक कर्जबाजारी प्रवासी म्हणाला, "काका, त्या डुकरांना हप्ते नव्हते." काकांनी त्याला मॅग्नेशियम दिलं.

अशा काकांना एक दिवस लाँचमध्ये तो पोरगा भेटला. फोर्टात कुठेशी नोकरी, पंचविशीचा, पाण्याच्या बाटलीबरोबर गोळी घेताना दिसला. काका सरसावले.

"कुठली?"

"लिथियम."

"म्हणजे क्षार? मूडसाठी?"

"हो. बायपोलर आहे मला."

बाकड्यावरची सहा माणसं एकदम मोबाइलमध्ये शिरली. काकांना मात्र 'बायपोलर' ऐकूच गेलं नाही. त्यांना 'क्षार' ऐकू गेलं. जन्मभर जे सांगत आलो ते हेच, म्हणून त्यांनी पोराला मिठी मारायचीच बाकी ठेवली. आणि गंमत म्हणजे ते खरंही होतं. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरने उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण दाखवला, आणि आज इतकी नवी औषधं येऊनही त्याची जागा कायम आहे. मनाच्या आजारावर ठाम उपयोगी पडलेलं खनिज असेल तर हे. आणि नेमकं तेच काकांच्या पिशवीत नाही.

"कुठे मिळतं? मागवून ठेवतो."

"डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही मिळत. रक्त तपासत राहावं लागतं, काका. पातळी खाली गेली तर उपयोग नाही, वर गेली तर हात थरथरतात, उलट्या होतात, जिवावरही बेततं. किडनी, थायरॉइड, सगळं बघतात."

"मिनिमम-मॅक्सिमम लेव्हल!" काका हरखले. "मग एक कर. मीठ सोड. मिठाने बीपी..."

"मीठ एकदम सोडलं तर लिथियम रक्तात साठतं," पोरगा शांतपणे म्हणाला. "घाम फार आला, पाणी कमी प्यालो, डॉक्टरांना न विचारता अंगदुखीची गोळी घेतली, तरी तेच. म्हणून कुणी काही दिलं तर आधी त्यांना दाखवतो. आणि काका, माझ्यात लिथियम कमी नव्हतं. कुणालाही लिथियम कमी पडून हा आजार होत नाही. हे औषध आहे, भरती नाही."

काकांनी रजिस्टर काढलं. तारीख, नाव, तक्रार लिहिली. इश्यूच्या रकान्यात पेन बराच वेळ अडलं, आणि मग पहिल्यांदाच तिथे शब्द आला: निरंक. पोराने सही केली.

त्यानंतर आमच्या लक्षात आलं, की काकांच्या गोळ्या फारसं कुणी घेतच नव्हतं. बऱ्याचशा खाडीत जायच्या. मासळीचं तेल मासळीला पोचायचं. माणसं यायची ती प्रश्नासाठी. झोप लागते का? जेवण जातं का? सकाळी उठावंसं वाटतं का? हे विचारायला सरकारी ओपीडीत कुणाला वेळ नाही आणि घरात कुणाची हिंमत नाही. लाँचमध्ये शेजारी आत्या, मामा, मुलीचं स्थळ बघायला येणाऱ्यांचे पाहुणे. तिथे 'डोक्याच्या डॉक्टरकडे चाललोय' असं कोण सांगणार? 'बी-ट्वेल्व्ह कमी आलंय' हे मात्र दोन बाकांवर ऐकू जाईल असं सांगता येतं. त्या आडोशाला बसून माणसं बोलत होती. पोरगा आडोसा न घेता बोलला, म्हणून मोबाइलमध्ये शिरलेल्यांतल्या दोघांनी उतरताना हळूच त्याला डॉक्टरांचा पत्ता विचारला.

पोराने काकांना एक नंबर दिला, १४४१६. टेली-मानस, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केलेली हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. "हा इश्यू करत जा," तो म्हणाला. काकांना पसंत पडलं नाही. बॅच नंबर नाही, एक्स्पायरी नाही, नग मोजता येत नाहीत. तरी रजिस्टरात आयटम चढवला. पण माल तपासल्याशिवाय इश्यू करायचा नाही हा नियम. तेव्हा ओहोटीच्या एका दुपारी, लाँच बंद असताना, धक्क्याच्या टोकाला जाऊन काकांनी स्वतः फोन लावला. आम्ही लांबून बघत होतो. सुरुवातीला त्यांचा हात हवेत फिरत होता, बहुधा डी-थ्री समजावून सांगत असावेत. मग हात थांबला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असणार, कारण काका पिशवी खाली ठेवून तिच्यावरच बसले, आणि भरती येऊन लाँचचा भोंगा वाजेपर्यंत त्यांचा फोन चालू होता. "काय म्हणाले?" मावशीने विचारलं. "क्वालिटी इन्स्पेक्शन होतं," काका नाक शिंकरत म्हणाले. "एका फेरीत होत नाही." ते इन्स्पेक्शन अजून पूर्ण झालेलं नाही, दर मंगळवारी पुढची तारीख पडते.